डाव्या खांद्यामागची जागा

जरा डोळे मिटा आणि समजा, तुम्ही एका मोठ्या हिरव्या मैदानाच्या मधोमध उभे आहात. समोरून चेंडू तुमच्याकडे येतोय. तो पोचायला दोन सेकंद आहेत. तुमच्या पाठीमागे सात-आठ जणी पळताहेत, त्यातल्या निम्म्या आपल्या, निम्म्या परक्या, आणि एकही जागेवर थांबलेली नाही. आता चेंडूकडे बघायचं नाही. तो येणारच आहे, त्याच्याकडे बघून काय मिळणार? मान डावीकडे वळवा, खांद्यावरून मागे एक नजर टाका, परत पुढे. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. जे दिसलं त्याचं चित्र डोक्यात धरून ठेवा, आणि चित्रातल्या प्रत्येकीला दोन पावलं पुढे चालवा, कारण तुम्ही मान फिरवलीत म्हणून त्या काही थांबल्या नाहीत. आला चेंडू पायाशी. द्या आता, ज्या दिशेला द्यायचा तिकडे न बघता.

जमलं? बहुतेकांना नाही जमत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिला ते सतरा वर्षं जमलं, देशाच्या संघातून ब्याण्णव सामन्यांत जमलं. त्र्याण्णवाव्या सामन्यात एकदा फसलं. आणि तिने बघितलं नाही म्हणून फसलं असंही नाही. बघितलं म्हणूनच फसलं.

संघातल्या मुली तिला आरशी म्हणायच्या. सारखी मागे बघते म्हणून कुणीतरी थट्टेत ठेवलेलं नाव. ते इतकं चिकटलं की फलकावर खरं नाव झळकलं की तिची सख्खी मावशीसुद्धा विचारायची, ही कोण बाई नवीन? पण थट्टा करणारीला हे माहीत नव्हतं की आरशी मागे बघायला शिकली ती खरोखरच्या आरशांवरून.

तिची आई शहर बसची ड्रायव्हर. अकरा नंबर, आगार ते कालव्यावरचा पूल आणि परत, दिवसाला सात फेऱ्या. शाळा सुटली की मुलगी बसमध्ये चढायची आणि ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर बसायची. तिथून आईचा चेहरा दिसत नसे, मान दिसायची. ती मान कधी स्वस्थ नसायची. डावा आरसा, आतला आरसा, उजवा आरसा, रस्ता. डावा, आतला, उजवा, रस्ता. खिडक्यांवर प्रवाशांच्या श्वासाची वाफ धरलेली, बाहेरची दुकानं त्या वाफेत विरघळत मागे चाललेली, इंजिनाची घरघर तळपायांतून पोटात चढणारी, आणि समोर ती मान, लंबकासारखी. मुलीला गुंगी यायची. गुंगीत तिचीही मान हलायची.

एकदा तिने विचारलं, “आई, तू पुढे कधी बघतेस?”

“पुढचं काय, सगळ्यांनाच दिसतं,” आई वळण घेता घेता म्हणाली. “मला पगार मागचं बघायचा मिळतो.”

बाबा त्याच आगारात, टायरच्या खात्यात. त्यांनी तिला एक चेंडू ट्यूबच्या रबराचं ठिगळ लावून दिला होता. ठिगळावर पडला की तो भलतीकडेच उडायचा, त्यामुळे चेंडूवर विश्वास ठेवायचा नाही हे ती लवकर शिकली. खेळायची जागा म्हणजे आगाराचं आवार, दोन रांगांत उभ्या असलेल्या बसगाड्यांमधली गल्ली. गाड्यांपलीकडचं काही दिसायचं नाही. मग ती वाकून खालून बघायची. चाकांच्या मधून मेकॅनिकांचे बूट दिसायचे. फाटक्या टाचेचे म्हणजे ब्रेकवाले काका, पांढरे डाग असलेले म्हणजे रंगारी. बूट कुठे निघालेत ते बघायचं, चेंडू गाडीच्या पोटाखालून सोडायचा, आणि तो पलीकडे बरोबर त्या माणसाच्या पायाशी जायचा.

“कोण आहे रे तिकडे?” रंगारी ओरडायचा. “नजर आहे की भूत?”

सतराव्या वर्षी ती देशाच्या संघात गेली. पहिली जर्सी पुरुष संघाच्या उरलेल्यांपैकी होती, बाह्या कोपराच्या खाली यायच्या, आणि पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणावेत तर ऐंशीएक, त्यातले निम्मे कुणाचे ना कुणाचे नातेवाईक. खेळून पोट भरण्याचे ते दिवस नव्हते. आठवड्यातल्या चार सकाळी ती बस आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायची. फडताळात छत्र्या, एकेकटे हातमोजे, एक बासरी, एक कवळीसुद्धा. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधलेली, कुठल्या गाडीत, कुठल्या सीटखाली सापडली त्याची. दुपारचं ऊन फडताळावर यायचं आणि आरशीला वाटायचं, या सगळ्या वस्तू माना वळवून दाराकडे बघताहेत. मग ती पिशवी उचलून सरावाला पळायची.

लांबी तिला तिथेच, संघात, भेटली. लांबी म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू. उंच, काटकुळी, डावा मोजा कायम घोट्यावर उतरलेला. अकरा वर्षं त्या दोघी एकत्र खेळल्या. आरशीच्या डाव्या खांद्याच्या मागे, कडेच्या रेषेपासून चार पावलं आत, हात कमरेएवढा उचलून लांबी उभी असायची. हाक नाही, खूण नाही. आरशी चेंडू तिकडे सोडायची आणि तो पोचायचा. त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. संघाच्या बसमध्येही लांबी आरशीच्या डाव्या बाजूला, एक सीट मागे बसायची, आणि ते तसं का हे दोघींनाही कळत नव्हतं. प्रेक्षक ऐंशीचे आठ हजार झाले, जर्सी मापाची आली, खिडकीवरची नोकरी सुटली. मग लांबीचा गुडघा गेला. तिने दोन वर्षं शिकून डोळे तपासण्याचा परवाना काढला आणि बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात रुजू झाली.

तिच्या जागी एकोणीस वर्षांची नवी आली. पळायला वारा, बोलायला मात्र दगड.

आता त्या सामन्याकडे येऊ. मोठ्या स्पर्धेत हा संघ कधीच पोचला नव्हता. पात्रता फेरीचे दोन सामने उरले होते, आणि त्यातला पहिला जिंकला असता तर काम फत्ते होतं. एक गोल हातात होता, एक्याऐंशीवं मिनिट चालू होतं, उतरत्या दुपारचं ऊन मैदानावर मधासारखं पसरलं होतं. चेंडू आरशीकडे निघाला. डावीकडे नजर, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आवाज कुठेतरी लांब गेला, पाण्याखाली गेल्यासारखा. डाव्या खांद्यामागे लांबी होती. हात कमरेएवढा, मोजा घोट्यावर. आरशीने चेंडू तिच्याकडे सोडला.

चेंडू घरंगळत गेला. तिथे कुणी नव्हतं. नवी वीस पावलं पुढे होती, जिथे तिला सांगितलं होतं तिथेच. समोरच्या संघाच्या मुलीने मोकळा चेंडू ताब्यात घेतला आणि गोल केला. सामना बरोबरीत सुटला. आता शेवटचा सामना जिंकायलाच हवा होता, आणि तो आठ दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम म्हणजे संघाच्या कोच, स्वतः एकेकाळच्या गोलकीपर, बोटं सगळी वाकडी. त्यांनी पडद्यावर तो तुकडा तीनदा दाखवला.

“बघितलंयस तू,” मॅडम म्हणाल्या. “एकदा नाही, तीनदा. मग दिलास कुणाला? हवेला?”

आरशी पडद्याकडेच बघत होती.

“ऊन समोरून होतं. तिरीप आली असेल.” मॅडमनी पेन उघडलं. “बोर्डाला अहवाल द्यायचाय. तिरीप आली असं लिहिते, विषय संपला, शेवटचा सामना तू खेळतेस. की दुसरं काही आहे?”

ऊन समोरून होतं हे खरं होतं. तिरीप आली नव्हती हेही खरं होतं. आरशी चौतीस वर्षांची होती. या सामन्यात ती नसती तर पुढे तिला कुणी विचारलं नसतं, आणि ज्या स्पर्धेची वाट तिने सतरा वर्षं पाहिली ती तिच्याशिवाय झाली असती. मान डोलावली की झालं, एवढीच गोष्ट होती.

“उद्या सांगू का?” ती म्हणाली.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. “उद्या दुपारपर्यंत.”

ती आधी लांबीच्या दुकानात गेली. आतल्या छोट्या खोलीत अंधार करून लांबीने तिला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड गोल चौकट ठेवली आणि एकामागून एक काचा घालायला लागली.

“आता बरं, का आता?”

“सारखंच.”

“शेवटची ओळ वाच.”

आरशीने वाचली. त्याखालची, छापणाऱ्याच्या पत्त्याची, तीही वाचली.

“घारीचे डोळे आहेत तुझे,” लांबी म्हणाली. “तुला चष्मा विकायचा म्हणजे मला फसवणूक करावी लागेल. कशाला आलीस खरं सांग.”

अंधारात सांगणं सोपं होतं. “लांबे, मला तू दिसलीस तिथे. तुला दिला मी चेंडू.”

लांबीने चौकट आरशीच्या नाकावरून काढली आणि रुमालाने पुसत बसली.

“मी त्या वेळी इथेच होते,” ती म्हणाली. “एका आजोबांचे डोळे तपासत होते, बाहेर टीव्ही लावलेला, दार उघडं ठेवलं होतं. आणि एकदम मी उठले. का ते विचारू नकोस. दोन पावलं डावीकडे गेले आणि उभी राहिले. आजोबा तसेच बसलेले, नाकावर ही चौकट, एका डोळ्याला काच, एका डोळ्याला झाकण. म्हणाले, बाई, निघालात कुठे?”

“गोल बघून उठलीस.”

“अगं नाही ना. चेंडू तुझ्याकडे यायचा होता अजून.”

दोघी हसल्या. लांबीने दिवा लावला. फळ्यांवरच्या शेकडो रिकाम्या चष्म्यांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं.

तिथून ती आईकडे गेली. आई निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ती बटाटे सोलत होती, आणि सोलतानाही मान अधूनमधून खिडकीकडे, दाराकडे जात होती. आरशीने सगळं सांगितलं, मॅडमच्या तिरिपीसकट.

आई म्हणाली, “मी गिरणीच्या स्टॉपवर थांबले होते ते तुला सांगितलंय का कधी?”

“कुठल्या गिरणीच्या?”

“तेच तर. गिरणी कधीच बंद पडली. खांबसुद्धा उपटून नेला होता स्टॉपचा. पण बावीस वर्षं दोन दहाला मी तिथे गाडी उभी केली होती. पहिली पाळी सुटायची, अकरा बायका चढायच्या, डोक्यात कापूस. एक दिवस दोन दहाला मी गाडी कडेला घेतली, आरसा बघितला, दार उघडलं. आणि थांबले.”

“मग?”

“मग काय. मागून कुणीतरी म्हणालं, ड्रायव्हर बाई, भुतं घेता का आज? गाडीभर हसली माणसं. मी दार लावलं आणि निघाले.” आईने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. “संध्याकाळी आगारात लिहून दिलं. नसलेल्या थांब्यावर गाडी थांबवली, दोन मिनिटं उशीर. साहेब म्हणाले, अहो, कुणाची तक्रार नाही, कशाला पायावर धोंडा पाडून घेता? मी म्हटलं, राहू दे लिहिलेलं.”

“आणि त्यांनी तुला गाडीवरून काढलं.”

“काढलं नाही. नव्या ड्रायव्हरांना शिकवायला बसवलं. शेवटची दोन वर्षं.” आई पहिल्यांदाच थेट तिच्याकडे बघत म्हणाली, “मागे माणसं झोपलेली असतात गं. आपल्या आरशात काय दिसतं ते त्यांना कळायला नको? नाहीतर त्यांनी कुणाच्या भरवशावर झोपायचं?”

दुसऱ्या दिवशी आरशीने मॅडमना खरं ते सांगितलं. तिरीप नव्हती, मी बघितलं, मला लांबी दिसली. बोलताना तिला स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटलं, पण ती अडखळली नाही.

मॅडम आपल्या वाकड्या बोटांकडे बघत राहिल्या. “आता मी तुला पहिल्यापासून उतरवू शकत नाही,” त्या म्हणाल्या. “समजतंय ना?”

“समजतंय.”

“तिरीप म्हणाली असतीस तर उतरवलं असतं.”

“ते पण समजतंय.”

“हट्टी आहेस.” मॅडमनी दार उघडून हाक मारली, “नवीला पाठवा कुणीतरी.”

नवी आली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली.

“तू हिला हाक का मारत नाहीस मैदानात?” मॅडमनी विचारलं.

नवीचे कान लाल झाले. “हाक काय मारू, मॅडम? माझ्या खोलीत ताईंचा फोटो होता. शाळेत असल्यापासून.”

“बरं. मग मनात काय म्हणतेस?”

“अहो ताई, इकडे देता का, असं.”

मॅडमनी कपाळावर हात मारला. “तुझं ‘देता का’ संपेपर्यंत चेंडू पार्किंगमध्ये जाईल गं बाई. आरशी म्हणायचं. नुसतं आरशी. म्हण.”

“आरशी... ताई.”

आठवडाभर सराव संपला की त्या दोघी मैदानावर मागे राहायच्या. आरशी डोळ्यांवर पट्टी बांधून मध्ये उभी राहायची आणि नवी कुठूनतरी हाक मारायची. पहिले दोन दिवस ते खोकल्यासारखं काहीतरी निघायचं. तिसऱ्या दिवशी हाकेतली ‘ताई’ गळून पडली. पाचव्या दिवशी नवीने हाक मारली तेव्हा झाडावरची पाखरं उडाली आणि तीच दचकून तोंडावर हात ठेवून बसली. पट्टीमागच्या अंधारात आरशीला फक्त गवताचा वास यायचा आणि आवाज यायचे. हळूहळू त्या अंधारात एक नवी आकृती उभी राहायला लागली, लांबीपेक्षा बुटकी, घाईत असलेली.

शेवटच्या सामन्याला आरशी राखीव बाकावर बसली. अठ्ठावन्न मिनिटं बसली. तिथून मैदान सपाट दिसतं, चित्रात खोली नसते, आणि ती नुसती मान हलवत होती, उगाच. गोल कुणाचाच नव्हता. मॅडमनी मागे न बघता म्हटलं, “जा.”

त्या अर्ध्या तासातलं तिला फारसं आठवत नाही. आठवतं ते सत्त्याहत्तरावं मिनिट. चेंडू निघाला. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आवाज पुन्हा पाण्याखाली गेला. आणि डाव्या खांद्यामागे, रेषेपासून चार पावलं आत, लांबी उभी होती. हात कमरेएवढा. ती आली नसेल असं आरशीला वाटलं होतं. ती आली होती. मोजासुद्धा तसाच.

चेंडू पायाशी आला.

“आरशी.”

हाक बऱ्याच पुढून आली, कोरडी, मोठी, ताईशिवाय. आरशीने डोळ्यांना दिसत होतं ते तिथेच राहू दिलं आणि चेंडू हाकेकडे सोडला. नवी त्याच्याबरोबर पळत सुटली. पुढे तिने आत दिलेल्या चेंडूवर गोल झाला, आणि मैदानात सगळ्या एकमेकींच्या अंगावर पडल्या. आरशी मात्र क्षणभर वळून मागे बघत राहिली. मागे कापलेलं गवत होतं आणि आपलीच लांब सावली.

मोठी स्पर्धा झाली. त्यात ती तीन सामने खेळली, तिन्ही उत्तरार्धात. घरी येऊन तिने बूट आगारातल्या त्या खिडकीवर नेऊन दिले. खिडकीवरच्या बाईने नियमाप्रमाणे विचारलं, “कुठे सापडले?” दोघी हसल्या आणि बूट परत पिशवीत गेले.

आता ती नव्या मुलींना शिकवते, आठवड्यातले पाच दिवस. मागे कसं बघायचं ते शिकवते, आणि जे दिसलं ते खरं खरं सांगायचं, हेही शिकवते. रविवारी आईबरोबर अकरा नंबरने कालव्यापर्यंत जाऊन येते. आई खिडकीशी बसते. बस बंद गिरणीवरून न थांबता जाते, आई आरशात बघावं तशी मान वळवते, आणि तिला तेव्हा कोण दिसलं होतं ते अजूनही सांगत नाही.

लांबीला मात्र आरशीने अलीकडेच एक नवीन गोष्ट सांगितली. प्रक्षेपणाच्या गाडीतल्या एका इंजिनिअरने तिला सांगितली होती. टीव्हीवर सामना मैदानापेक्षा सहा-सात सेकंद उशिरा दिसतो. म्हणजे लांबीच्या पडद्यावर चेंडू आरशीकडे यायचाच होता, तेव्हा मैदानात तो केव्हाच तिच्या पायातून सुटला होता. लांबी त्या वेळी एका गिऱ्हाइकाच्या कानामागे चष्म्याची दांडी बसवत होती. तिचे हात थांबले.

“मग?” ती म्हणाली.

“मग तेच विचारतेय ना,” आरशी म्हणाली. “मी तुला चेंडू दिला म्हणून तू उठलीस, का तू उठणार होतीस म्हणून मला दिसलीस?”